चतुराबाईचा हात

आमच्या जालन्याच्या घरी मोटार होती, कारभारी नावाचा तिचा ड्रायव्हर होता, आणि ती मोटार वेळेवर थांबेल की नाही हे कळायचं फक्त त्याच्या बायकोला, चतुराबाईला. घरची पुरुषमंडळी ही हकिकत सांगताना चतुराबाईला सोयीनं गाळतात, म्हणून मीच सांगते. मी अरुंधती, त्या घरची सून. काही ओसरीवरून, काही मोटारीतून, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चतुराबाई आष्टीची. अंगणातल्या खोलीत दोघं नवराबायको राहायची. चार वर्षं रोज सकाळी ती मोटार धुवायची, पुसायची, पण आत एकदाही बसली नव्हती. कुणी तिला बस म्हटलं नाही, तिनंही कधी विचारलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

सेहेचाळीस साली, नवरात्राच्या तोंडावर, त्या मोटारीनं माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नरहरराव वकिलांना, थेट कडब्याच्या गंजीत नेऊन घातलं. लागलं कुणाला नाही, पण मामंजींच्या कोटाच्या खिशांतून दोन दिवस काड्या निघत होत्या. ब्रेकच्या तेलात हवा शिरली होती. नळीत हवा असली की पाय कितीही दाबा, हवाच दबते, जोर चाकापर्यंत पोचत नाही. कारभारीनं हवा काढली, आता ब्रेक लागेल असं छातीठोकपणे सांगितलं, आणि चार दिवसांत पुन्हा तेच. मग मामंजींचा पारा चढला. दसऱ्याला जांबला रामाच्या दर्शनाला जायचंय, त्या दिवशी ब्रेक नीट लागला नाही तर मोटार ती मागणाऱ्या परतूरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो, म्हणाले. मोटार गेली की कारभारीची नोकरी गेली. मग आष्टीला दिराच्या घरी परत जाऊन जावेची बोलणी खायची. ते चतुराबाईला बिलकुल नको होतं.

दसऱ्याला उजाडताच कारभारीनं पाना घेतला. हे काम एकट्याचं नाही. एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून तिथला छोटा स्क्रू सैल करायचा, हवेचे बुडबुडे निघाले की आवळायचा, आणि मगच पहिल्यानं ब्रेक सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा परत आत. मागच्या वेळी ब्रेकवर आमचा गडी कडूबा होता. तो रस्त्यानं कोण चाललंय ते बघत मन मानेल तेव्हा पाय उचलायचा. आता तो सणाला गावी गेला होता, म्हणून कारभारीनं बायकोला हाक मारली.

ती आली आणि अडून बसली. आदल्या दिवशी खंडेनवमीला तिनंच पान्यांना, हातोडीला नि ब्रेकच्या पायाखालच्या पट्टीलाही हळदकुंकू वाहिलं होतं. पूजा केलेल्या वस्तूला ती पाय लावणार नव्हती. मी रोज लावतो की, असं कारभारी म्हणाला. तुमचं ते कामच हाय, म्हणाली. शेवटी ती मोटारीच्या दारात खाली बसली, आत वाकली आणि दोन्ही तळहातांनी ब्रेक दाबला.

चाकापासून कारभारी ओरडायचा, "दाब." ती म्हणायची, "दाबलं." मग "सोड" येईपर्यंत ती हलायची नाही. चारी चाकं झाली. कारभारी हात पुसत उठला. तोवर मामंजी कोट घालून, घड्याळ काढून अंगणात उभे. झालं का, त्यांनी विचारलं. कारभारी हो म्हणणार, एवढ्यात पदर सावरत चतुराबाई बोलली.

"न्हाई झालं. अजून हवा हाय."

मामंजींच्या समोर ती त्याआधी कधी बोलली नव्हती. कारभारीचा चेहरा उतरला. नोकरी जायची ती आपल्या बायकोच्या तोंडानं जाते की काय, असंच त्याला वाटलं असणार. दातओठ खात तो म्हणाला, "गाडी मी चालवून राह्यलो का तू?"

"तुम्हीच. पर फुगलेल्या भाकरीवर हात ठेवल्यावानी लागून राह्यलंय. आत वाफ हाय का न्हाई, हे मला हाताला कळतंय."

मला हसू आलं, मामंजींना आलं नाही. पण त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि हातानंच खूण केली. कारभारी पुन्हा मागच्या डाव्या चाकापाशी आडवा झाला. दाब, दाबलं. तिसऱ्या खेपेला नळीतून हरभऱ्याएवढा बुडबुडा निघाला, मागोमाग नुसतं तेल. चतुराबाईनं पुन्हा दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

"मग चला," मामंजी म्हणाले, "आणि हिलाही घ्या. जिनं ग्वाही दिली तिनं आत बसावं."

अशी ती चार वर्षांनी मोटारीत बसली, पुढे, कारभारीच्या शेजारी, काचेला हात लागू न देता, कारण काच तिनंच पुसली होती. अंबडच्या रस्त्याला एका उतारावर अचानक बैलगाडी आडवी आली. कारभारीनं पाय दाबला. मागे माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवरचा नारळ घरंगळत मामंजींच्या पायाशी गेला आणि मोटार बैलांच्या दोन हात अलीकडे उभी राहिली. मागे मामंजी बसले होते, पण कारभारीनं वळून बायकोकडेच पाहिलं.

"बराबर?"

"बराबर."

परतूरच्या व्यापाऱ्याला दुसऱ्याच दिवशी नकार गेला. त्यानंतर कुठंही निघायचं असलं की मामंजी मोटारीपाशी येऊन थांबायचे आणि कारभारीकडे न बघता खोलीच्या दिशेनं विचारायचे, "चतुराबाई, हात लावला का?" आतून "लावला" असं आलं, की मगच ते मोटारीत बसत.