बाबांच्या फोटोची शाई

प्रिंटर या वस्तूची मला किळस येते. राग नाही, किळस. पाल दिसल्यावर येते ना, तशी. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात तो अजून बसलाय. वर मी जुना टॉवेल टाकलाय, तरी येता-जाता नजर गेली की तोंड कडू होतं.

बाबा गेल्यावर आई काही वर्षं एकटीच राहिली, मग माझ्याकडे नाशिकरोडला राहायला आली. बाबा एकलहऱ्याला पॉवरहाऊसमध्ये होते, जन्म तिथेच गेला. तिच्या सामानात त्यांचा एकच धड फोटो होता. क्वार्टरच्या दारात उभे आहेत, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, रंग काळासावळा, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनवायच्या बेतात असल्यासारखं तोंड. आई रोज अंघोळ झाली की सहाणेवर चंदन उगाळायची, देवांना गंध लावायची आणि मग त्याच बोटानं फ्रेमच्या काचेवरून बाबांच्या कपाळाला.

सामान आणताना टेम्पोत ती काच तडकली. फोटो काढून दुसऱ्या फ्रेमेत घालू म्हटलं, तर तो ओल लागून काचेला असा चिकटलेला की ओढायला गेलं तर बाबांचा कानच सुटायला लागला. मी हात आखडता घेतला. तडा कोपऱ्यातच होता, म्हणून काचेसकट मोबाइलवर फोटो घेतला आणि जवळच्या स्टुडिओत नेऊन दिला. ‘दोन दिवसांत धुऊन देतो ताई,’ तो म्हणाला. आता कोण फोटो धुतं, पण आपल्याकडे अजून धुतातच म्हणायचं.

धुतला मेल्यानं! चांगला धुतला. बाबा गोरेपान, गुलाबी. सुरकुत्या गायब. मागे क्वार्टरच्या दाराच्या जागी धबधबा, आणि अंगात कोट, गळ्यात टाय. बाबांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता. आईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मला विचारलं, ‘हे कोण?’

मी तशीच उलट पावली स्टुडिओत गेले. तो म्हणतो, ‘सगळे असंच मागतात ताई. माणूस फ्रेश दिसतो.’ फ्रेश! गेलेला माणूस फ्रेश! आणि काळा माणूस मेल्यावर तरी गोरा झाला पाहिजे, ही कुठली घाण माणसाच्या डोक्यात बसलीय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच ठरवलं, बाबांचा फोटो माझ्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत निघेल.

म्हणून प्रिंटर. मग काय, आगीतून फुफाट्यात. नाशकात शालिमारकडच्या दुकानांतून दोन रविवार हिंडले. पहिला प्रकार कार्ट्रिजवाला. मशीन इतकं स्वस्त की मला वाटलं दुकानदाराची काहीतरी चूक होतेय. मग शाईचा भाव विचारला. काडेपेटीएवढी डबी, आत चमचाभर शाई, आणि अशा दोन डब्या घेतल्या की नवं मशीन येईल एवढी किंमत. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण इथे मसालेवाल्यानं कोंबडी फुकट वाटायला घेतलेली. असल्या धंद्याला व्यापार म्हणायचं की भामटेगिरी?

दुसरा बाटल्यांचा, चार रंगांच्या चार बाटल्या ओतायच्या. तिसरा खास फोटोचा, सहा रंगांचा, आणि किंमत ऐकून मी खुर्ची मागितली. दुकानातला माणूस माझ्याच वयाचा, सरळ होता बिचारा. म्हणाला, ‘ताई, फोटोच काढायचे तर हा घ्या. नाहीतर चार रंगांचा घ्या, पण कागद आणि शाई तेवढी चांगली वापरा. गल्लीत मिळते ती शाई पाण्याला टिकत नाही.’ त्यानं तसल्या शाईच्या एका नमुन्यावर ओलं बोट फिरवून दाखवलंसुद्धा. बोटाला निळं लागलं.

‘फोटोला पाणी कोण लावतंय?’ मी म्हटलं आणि चार बाटल्यांचा उचलला.

घरी आल्यापासून त्यानं छळ मांडला. आठवडाभर वापरला नाही तर शाई सुकून तोंड धरून बसायचा. मग त्याचं नाक साफ करा. एकदा साफ केलं की बोटभर शाई गुडुप, दोनदा केलं तरी पानावर आडव्या रेघा. पिवळी संपली म्हणून काळ्या अक्षरांचं साधं पत्र छापेना. अरे, पत्रात पिवळं आहे कुठे मेल्या? निम्म्या बाटल्या अशा नाक पुसण्यातच गेल्या, बाबांचा एक फोटो निघायच्या आत. नवरा म्हणाला, ‘एका फोटोसाठी एवढं?’ मी त्याला गप्प केलं, पण कंपनीच्या बाटल्या परत घ्यायचं मनात येईना. एका गल्लीत तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत शाई मिळाली, शेजारीच चकचकीत कागदाचा गठ्ठाही. अशी खूश झाले होते मी, जसं काही त्या भामट्यांना मीच फसवलं.

आणि फोटो निघाला हो! बाबा जसेच्या तसे. काळेसावळे, बाही दुमडलेली, ओठांवर तोच टोमणा. पुठ्ठ्यावर चिकटवून देवघराशेजारी उभा केला. ‘फ्रेम रविवारी करू,’ मी म्हटलं. आईनं सकाळी अलगद गंध लावलं आणि तिचा चेहरा उजळला. ‘नको गं काच,’ ती म्हणाली. ‘इतकी वर्षं काचेलाच लावत होते. आता कसं, त्यांच्या कपाळाला लागतं.’ आईला त्या दिवशी बरणीतला लाडू मागून खाताना पाहिलं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, मस्टर उशिरा गाठलं की दिवसभर ऐकावं लागतं. डबा भरत होते तेवढ्यात आईची हाक आली, हाक कसली, नुसता आवाज. जाऊन पाहते तर तिच्या हातात ओलं फडकं आणि बाबांना कपाळच नाही. कपाळ, भुवया आणि एक डोळा मिळून निळा-तांबडा ओघळ खाली शर्टापर्यंत आलेला. शिळ्या गंधावर ताजं लावायचं नाही, आधीचं पुसायचं, ही तिची रीत. काचेवर वर्षानुवर्षं ती तसंच करत आलेली.

‘ओलं फडकं लावलंस?’ मी ओरडले. ‘कागद आहे तो, आई! एवढी साधी अक्कल नको?’

ती फडक्याकडे बघत राहिली. त्याला बाबांचा रंग लागलेला. ‘तेव्हा बायकांनी माझं कुंकू पुसलं,’ ती म्हणाली, ‘आणि आज मी यांनाच पुसलं गं.’

मी डबा उचलला आणि गेले. रिक्षात बसल्यावर मला दुकानदाराचं ते निळं बोट आठवलं. मला माहीत होतं. मला सांगितलेलं होतं. रोज सकाळी आईचं ओलं बोट डोळ्यांसमोर असताना मी विचारलं होतं, पाणी कोण लावतंय! आणि एवढं कळूनही संध्याकाळी घरी येऊन मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस मी तिला तसंच मानू दिलं. का? शाईत वाचवलेल्या चार पैशांची लाज वाटत होती म्हणून. प्रिंटरची किळस, स्टुडिओवाल्याची किळस, कंपन्यांची किळस, सगळी खरी आहे. पण त्या आठ दिवसांत मला माझी जी शिसारी आली, तिच्यापुढे ती काहीच नाही.

शेवटी मी त्या सरळ दुकानदाराकडेच गेले. त्यानं सहा रंगांच्या मशीनवर फोटो काढून दिला, वर लॅमिनेशन करून दिलं. सगळं मिळून मी गल्लीत घेतलेल्या एका बाटलीइतकेही पैसे झाले नाहीत. घरी आले, आईला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. ‘आई, तुझा काही दोष नव्हता. शाई हलकी होती. मला त्यानं सांगितलं होतं, तरी मी तीच घेतली. हे बघ.’ आणि तिच्यासमोर नव्या फोटोवर ओलं फडकं खसाखसा फिरवलं. बाबा ढिम्म हलले नाहीत.

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘कळतं हो मला,’ ती म्हणाली. ‘आईला बरं वाटावं म्हणून तू अंगावर घेतेस. गुणाची आहेस.’

मी शपथ घेतली. रडले. ती मलाच समजावत राहिली.

आई चंदन अजून रोज उगाळते. देवांना लावते. बोटावर उरलेलं गंध एका फुलाला पुसते आणि ते फूल बाबांच्या फोटोपासून वीतभर लांब ठेवते.