एका माणसाची खिचडी

मी जन्मात एक दिवसही एकटा राहिलेलो नाही. म्हणूनच की काय, एका मुलीला एकटं राहणं जमतं का हे तपासायला बालगृह चालवणाऱ्या दीदींनी माझीच निवड केली!

तसं कारण होतं. कारखान्यात मी आयुष्यभर माल तपासला. बालगृहातल्या मुली अठराच्या झाल्या की बाहेर पडतात. त्याआधी बँक, गॅस, भाडं, स्वयंपाक असं सगळं शिकवणारा एक वर्ग असतो. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे दीदींना पाहायचं होतं. त्या वर्गातून निघालेल्या मीनानं मदन महल भागात खोली घेतली होती. मी तिचा एका वेळचा स्वयंपाक बघायचा आणि जमतंय की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं, तर मीना परत बालगृहात आणि खोली दुसऱ्याला! नियम एकच: मदत करायची नाही, तोंड उघडायचं नाही.

"तुम्ही तोंड उघडणार नाही? मग मी येतेच," आमच्या सौ. कुसुम म्हणाल्या. (असा योग त्यांना लग्नानंतर प्रथमच येत होता.)

मीनानं आधी गळ्यातली किल्ली दाखवली. "काकाजी, ये मेरी है. कुणाला विचारावं नाही लागत." ती किल्ली तिच्याकडे राहणार की नाही, हे आता माझ्या शब्दावर होतं.

"आज काय बनवून राहिली?" कुसुमनं विचारलं.

"खिचडी. एक जन की."

बालगृहानं निरोपाला दिलेलं पातेलं तिनं गॅसवर चढवलं. खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू तीच! मग तांदळाची पिशवी उचलली आणि धुवायला उलटी केली. अख्खी! पाठोपाठ डाळ.

कुसुमनं मला चिमटा काढला. "अहो, सांगा ना तिले!"

"नियम आहे."

"चुलीत गेला नियम! इतकी खाणार कोण?"

मलाही तेच कुतूहल होतं, म्हणून गप्प बसलो. मीनाचा हात मात्र झकास चालत होता. फोडणी जळली नाही, मीठ अचूक पडलं (तेही मुठीनं!). शेवटी मीनानं झाकण काढलं आणि नुसती बघत राहिली.

"काकाजी, थोडी ज़्यादा हो गई क्या?" तिनं विचारलं. "वहाँ तो सबके लिए बनती थी. एका माणसाची मी कधी पाहिलीच नाही."

आता उलगडा झाला. वर्ग बालगृहाच्याच स्वयंपाकघरात चालायचा! पोरीला सगळं शिकवलं होतं, फक्त कमी रांधायचं राहून गेलं होतं.

"नापास ना?" किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं डोळे पुसले, डबे-वाट्या भरल्या, एक डबा आमच्या हातात दिला आणि बाकीचे घेऊन थेट घरमालकीण काकूंच्या दारात गेली.

"काहून वं, कोणाचं लग्न आहे?" काकूंनी विचारलं खरं, पण वाटी घेतली. मग शेजारचं घर, मग समोरचं, मग सगळी गल्ली!

तासाभरात भांडी परत येऊ लागली. वाटीत लोणचं, डब्यात वांग्याची भाजी, कुणाचे लाडू. मीनाचा चेहरा पडला. "ये लोग वापस क्यों दे रहे हैं? आवडली नाही?"

मी नियम गुंडाळून ठेवला आणि मोठ्या थाटात सांगितलं, "अगं, आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत."

"अच्छा!" म्हणत तिनं प्रत्येक वाटीकडे पुन्हा निरखून पाहिलं.

मी तिथूनच दीदींना फोन लावला. "मुलगी पास. वर्गाला एक छोटं पातेलं घेऊन द्या. आणि एकटी राहील का म्हणाल, तर ही गल्ली काही तिला एकटं राहू देत नाही." मीनानं किल्ली पुन्हा गळ्यात घातली. कुसुमनं उगाच पदरानं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी कुसुम पनागरला बहिणीकडे गेली. मी मीनाचा डबा स्वतः घासला (स्वतः!), लख्ख पुसला आणि ऐटीत नेऊन दिला.

मीनानं झाकण उघडलं. आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग दोन लाडू घालून डबा परत माझ्या हातात ठेवला.

"कोई बात नहीं, काकाजी," ती म्हणाली. "आप अभी सीख रहे हो."