वांग्याचा काही दोष नाही

आमच्या घरात बारा वर्षं वांगं शिजलं नाही. वालूरात राहून वांगं न खाणारं घर म्हणजे लोकांना नवलच वाटायचं. हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी काटेरी देठांच्या वांग्यांचे ढीगच्या ढीग लागायचे आणि माझी माय त्या ढिगांच्या बाजूनं मान वळवून पुढं जायची, जशी एखादी बाई भांडण झालेल्या शेजारणीच्या दारावरून जाते. तिला वांगं किती आवडायचं हे तिच्या माहेरच्यांकडून मला कळलं. ती स्वतः कधी बोलली नाही.

कारण मी होते. मी सात वर्षांची असताना तापानं फणफणले होते, घसा सुजला होता, सुईही टोचून झाली होती. मायनं त्या दिवशी भरलं वांगं केलं होतं. मी हट्ट धरला म्हणून तिनं भाकरीत कुस्करून मला चार घास भरवले. घास पोटात जातात न जातात तोच माझ्या अंगभर पित्त उठलं. ओठ सुजले, डोळे झाकले गेले, छातीत घुरघुर सुरू झाली. गेरू फासून, घोंगडीत गुंडाळून मला रात्रभर बसवलं, आणि सकाळी मी आपली उठून खेळायला गेले.

खेळ माझा झाला, शिक्षा मायला लागली. माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याच गल्लीत राहायची. जिभेनं तिखट आणि मनानं मायाळू, पण लोकांना पहिली भेट जिभेचीच व्हायची. "तापाच्या लेकराला वांगं चारलं हिनं!" हे वाक्य आत्यानं त्या सकाळी म्हटलं आणि पुढं बारा वर्षं म्हणत राहिली. पाहुणे आले की म्हणायची, लग्नात पंगत बसली की म्हणायची, भाजीवाली दारात आली तरी म्हणायची. माय उलटून एक शब्द बोलायची नाही. तिनं फक्त वांगं सोडलं. माझ्यासाठी सोडलंच, पण स्वतःसाठीही सोडलं. आपल्या हातून पोर मरता मरता वाचली, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

आता माझा गुन्हा सांगते. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी, ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, मला परभणीला कॉलेजात घातलं. वसतिगृहाच्या मेसमध्ये आठवड्यातून चार दिवस वांगं असायचं. पहिल्या दिवशी मी शेजारच्या पोरीला सांगून ठेवलं की मला काही झालं तर वालूरला तार कर. मग भीत भीत दोन घास खाल्ले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वाटीभर खाल्लं. पुढं दोन वर्षं खात राहिले. लहानपणीचं दुखणं वयाबरोबर गेलं असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि घरी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मायनं मेस बंद करायला लावली असती ही भीती होती. पण नुसती भीतीच होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला त्याची गरजच वाटली नाही. मी परभणीत वांगी ओरपत होते आणि माय वालूरला माझ्या पायी नुसत्या डाळीवर भागवत होती, हे आठवलं की आजही मला माझा राग येतो.

पंच्याहत्तर साल असेल. सुट्टीला घरी आले आणि तसाच घसा पुन्हा सुजला. थुंकी गिळवेना, अंगात ताप. आत्या लगेच हजर झाली आणि तिनं पदराची गाठ सोडली. आत दोन कॅप्सूल होत्या, अर्ध्या लाल, अर्ध्या काळ्या. मागच्या महिन्यात तिच्या पायाला जखम झाली होती, तेव्हा दवाखान्यातून मिळालेल्यांपैकी उरलेल्या. उरलेल्या म्हणजे पाय बरा वाटला म्हणून तिनं जपून ठेवलेल्या. दिवाळीचे लाडू ठेवावेत तशी आत्या औषधं ठेवायची आणि तशीच वाटायची.

"दे पोरीला. लय गुणाच्या हायेत," आत्या म्हणाली.

माय हात मागं घेत म्हणाली, "न्हाई आक्का. माझ्या हातानं आता काईच चारणार न्हाई म्या. उद्या सेलूला नेती. डॉक्टरीणबाई देतील ते देऊ."

आत्या रागावली, पण मायनं त्या कॅप्सूल टाकून दिल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना दाखवू म्हणून कागदाच्या पुडीत बांधून घेतल्या.

सेलूच्या त्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, ठणठणीत आवाजाच्या आणि घाईच्या होत्या. त्यांनी घसा बघितला, मानेच्या गाठी दाबल्या आणि लिहिता लिहिता मायला विचारलं, "आधी कधी कुठलं औषध हिच्या अंगावर उठलंय का? पेनिसिलिन, सल्फा, काही?"

"न्हाई बाई," माय अभिमानानं म्हणाली. "औषध सगळं मानवतं तिला."

बाईंनी कागद फाडून पुढं केला. "या कॅप्सूल. दिवसातून चार वेळा, सात दिवस. जेवणाच्या आधी, पोट रिकामं असताना."

"आन् पथ्य?"

"पथ्य काही नाही. सगळं खाऊ द्या."

पथ्य नसलेल्या औषधाला आमच्याकडे कुणी औषध म्हणत नाही. मायनं कागद घेतलाच नाही. "सगळं कसं बाई? वांगं तर तिला इख हाय."

"वांग्यानं काय होतं?" बाई जरा वैतागल्या. बाहेर दहा माणसं बसली होती.

मग मायनं सगळं सांगितलं. कोर्टात गुन्हा कबूल करावा तसं, खाली बघत. ताप, हट्ट, चार घास, पित्त. बाईंनी आधी पेनाचं टोपण लावलं होतं, ते पुन्हा काढलं.

"ओठ सुजले होते? श्वास लागला होता?"

"घुरघुर करायलं व्हतं लेकरू."

"त्या दिवशी दुसरं काय दिलं होतं तिला?"

"काईच न्हाई. सुई तेवढी टोचली व्हती."

"कसली सुई?"

"म्या रानात व्हते बाई. नणंदेनं नेलं व्हतं. दुधावानी पांढरी व्हती म्हणत्यात, लय दुखली पोरीला."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "सुई आधी का वांगं आधी?"

बारा वर्षांत हा प्रश्न मायला कुणी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता. आमच्याकडं अंगावर उठतं ते खाण्यानं. औषध आजार घालवतं, ते अंगावर कसं उठेल? पित्त उठलं की ताटात काय होतं तेवढंच बघायचं.

"आधी सुई," माय हळूच म्हणाली. "घरी आली आन् खायला बसली."

"त्याच्या आधी वांगं खायची?"

"रोज."

"आणि नंतर?"

"एक घास न्हाई. घरात आणलंच न्हाई म्या."

आता माझी पाळी होती. घसा असा दुखत होता की बोलायला नको वाटत होतं, आणि तेवढं कारण पुरलंही असतं. पण माय ज्या आवाजात "एक घास न्हाई" म्हणाली, तो ऐकून मला बसवेना. "मी खाल्लंय," मी म्हटलं. "दोन वर्षं. मेसमध्ये. आठवड्यातून चारदा. काही होत नाही."

मायनं माझ्याकडं वळून बघितलं. मला वाटलं, आता दवाखान्यातच एक बसणार. पण तिनं विचारलं, "कशी करत्यात? भरून का रश्श्याची?"

"रश्श्याची. पाणचट."

"आगं माय," माय हळहळली. "तशीबी खाल्लीस व्हय?"

डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या दोघांनी आत डोकावून बघितलं. मग हसू आवरून त्यांनी लिहिलेला कागद आडवा-उभा फाडला आणि आम्हा दोघींना समजेल असं सांगितलं. ती पांढरी सुई पेनिसिलिनची असणार. काहींच्या अंगाला ते मानवत नाही. एकदा ओठ सुजले आणि श्वास लागला, म्हणजे पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, जीवावर बेतू शकतं. आता लिहिलेल्या कॅप्सूल त्याच कुळातल्या होत्या. मायनं मग पुडी सोडून आत्याच्या कॅप्सूल दाखवल्या. बाईंनी त्या नुसत्या बघितल्या आणि त्यांचं हसू पार गेलं.

"याही त्यातल्याच. काल दिल्या असत्या तर?"

मायनं माझं मनगट धरलं आणि दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही.

बाईंनी दुसऱ्या कुळातल्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सात दिवस पुऱ्या घ्यायच्या, उरवायच्या नाहीत, कुणाला वाटायच्या नाहीत, आणि एकाच्या गोळ्या दुसऱ्यानं खायच्या नाहीत, असं तीन वेळा बजावलं. अंगावर काही उठलं तर तसंच निघून यायचं, गेरू फासत बसायचं नाही. मग एका वेगळ्या कागदावर त्यांनी मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं, 'हिला पेनिसिलिन किंवा त्या कुळातले कोणतेही औषध देऊ नये.' हा कागद प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवायचा, सुई असो नाहीतर गोळी. मी आजही दवाखान्यात गेले की नाव सांगायच्या आधी हे सांगते, आणि कंपाउंडर लोक माझ्याकडं चमत्कारिक बघतात.

माय उठली नाही. "बाई, खाली अजून एक लिवा."

"काय?"

"वांग्याचा काई दोस न्हाई, आसं लिवा."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. थट्टा करतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी काहीही न विचारता लिहिलं, 'वांग्याचा काही दोष नाही', आणि खाली सही केली.

"शिक्का," माय म्हणाली.

त्यांनी शिक्काही मारला.

सेलूच्या बाजारात मायनं दोन किलो वांगी घेतली, तीसुद्धा भाव न करता. आयुष्यात एवढंच एकदा. एकेक वांगं उलटंसुलटं करून, देठ बघून, जणू मुलीसाठी स्थळ निवडत होती. एसटीत पिशवी मांडीवर धरून ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली. मी कान देऊन ऐकलं. "आक्का, बारा वर्सं म्या ऐकून घेतलं. चार लोकांत ऐकून घेतलं. आता तुमी ऐका." पुन्हा पहिल्यापासून. "आक्का, बारा वर्सं..." फाट्या-फाट्याला गाडी थांबत होती आणि दर थांब्याला तिचं भाषण अजून लांब होत होतं. तापातही मला मजा वाटायला लागली. आज आत्याची काही धडगत नव्हती.

आत्या अंगणात वाट बघत बसली होती. पिशवीतून देठ दिसले आणि ती उभीच राहिली. "आगं, याड लागलं का तुला? पोर आजारी आन् वांगी आणायलीस?"

मायनं पिशवी खाली ठेवली, कागद माझ्या हातात दिला आणि कमरेला पदर खोचला. "वाच."

मी वाचलं. पहिली ओळ आत्याला कळली नाही, म्हणून समजावून सांगितली. सुई, पेनिसिलिन, तिच्या पदरातल्या लाल-काळ्या कॅप्सूल. मग दुसरी ओळ वाचली. माय श्वास भरून तयार होती.

पण आत्या खाली बसली. तिचा तो कडक चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "सुई टोचायला तर मीच नेलं व्हतं हिला," ती म्हणाली. "कडंवर घिऊन. आन् काल बी मीच..." तिनं तोंडाला पदर लावला.

सबंध रस्ताभर पाठ केलेलं भाषण मायच्या ओठावर होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं खोचलेला पदर सोडला, आत्याच्या समोर बसली आणि म्हणाली, "आक्का, कुणाला ठावं व्हतं? तुमी न्हेलं नसतं तर तापानंच गेली असती. उठा. म्या मसाला वाटती, तुमी भाकरी थापा."

त्या संध्याकाळी आमच्या घरात वांगी शिजली. तीळ, खोबरं, दाण्याचा कूट आणि काळा मसाला भरून, मंद जाळावर. वास गल्लीभर गेला आणि आमच्या घरातून असा वास येतोय म्हणून दोन शेजारणी दारात येऊन बघून गेल्या. मी नवी गोळी घेतली, दुखऱ्या घशानं मऊ वांगं गिळलं आणि मेसची दोन वर्षं फुकट गेली असं मला वाटलं. वडील तिसरी भाकरी मागत होते.

मायनं पहिलं ताट आत्याला वाढलं होतं आणि पुढच्या भाकरी स्वतः थापायला घेतल्या होत्या. आत्यानं घास घेतला, चावला, गिळला. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. तिनं किती आवरायचा प्रयत्न केला असेल कुणास ठाऊक, पण शेवटी जिभेपुढं तिचं चाललं नाही.

"मीठ कमी पडलंय," आत्या म्हणाली.

मग माय हसायला लागली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, हात पिठाचा आहे हे विसरून तोंडावर हात ठेवून.

"पडलंय आक्का," ती म्हणाली. "ते मातर माझ्याच हातून पडलंय."