शेजारचा खड्डा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या शेजारी बसून जे लोक वर्षानुवर्षं मोदक खातात त्यांना तर नाहीच नाही. त्यांना सांगून करायचं काय? माती म्हटली की त्यांना कुंडी आठवते. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळख असती तर तुम्हालाही मी दोन वाक्यांत निकालात काढलं असतं. स्वभावच तो. पुढचं सगळं त्या स्वभावातून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मी अकोल्याचा. काळ्या मातीतला. मृदा सर्वेक्षणात नोकरी लागली आणि बदली झाली ती थेट जयपूरला. पहिल्यांदा शहराबाहेर जीपमधून उतरलो, मूठभर माती उचलली, थुंकी लावून बोटांत मळली. आम्ही लोक असंच करतो. मातीची पट्टी किती लांब निघते त्यावरून ती किती चिकण ते कळतं. पट्टी कसली निघतेय — सगळी बोटांतून सांडली. आमच्याकडची माती पावसात पायातली चप्पल काढून ठेवते, आणि ही? मी मोठ्यानं हसलो. "याला माती म्हणतात का बाप्पा?" ड्रायव्हरला मराठी येत नव्हती, पण हसणं कळलं असावं. तो पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

तर ते हसणं माझ्याबरोबर राहिलं. जयपूरच्या मातीवर हसलो, माणसांवर हसलो, साहेबांवर हसलो — पाठीमागे, अर्थात. समोर हसायला छाती लागते.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो. खड्डा खणायचा, माणूस आत उभा राहील असा. मग त्याच्या भिंतीवर मातीचे थर वाचायचे — रंग, कण, मुळं कुठवर गेलीत. ॲसिडचे दोन थेंब टाकायचे. फसफसलं की चुना आहे. मग त्या भागाची पावसाची आणि उन्हाची नोंद काढायची. पाऊस चुना विरघळवून खाली नेतो, आणि जिथं पाण्याचा दम संपतो तिथं तो साठतो. म्हणजे चुन्याचा थर ही पाऊस कुठवर पोचला त्याची खूण. खड्डा आणि पाऊस, दोघांची साक्ष जुळली की मातीचा वर्ग ठरतो. माती वेगळीच निघाली तर तिला त्या गावाचं नाव मिळतं. एवढंच. यात लबाडी करायला जागा कुठं आहे, असं वाटतं ना?

जयपूरच्या पश्चिमेला एक लांबट पट्टा आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माती मी जीपमध्ये बसूनच ठरवली होती. खोल, रेताड, मुळांना मोकळी — ऑफिसात चहा पिताना तसं सांगूनही टाकलं होतं, वर ऐटीत, की मला खड्ड्याची गरज लागत नाही. नकाशाचा कच्चा मसुदा तयार होता. पद्धत म्हणून एक खड्डा खणायचा राहिला होता. गावातली दोन माणसं खणत होती, मी बाभळीखाली बसलो होतो. गुडघ्याइतकं खणून झालं आणि कुदळ ठणकन वाजली.

कंकर. चुन्याचा पक्का, दगडासारखा थर. ॲसिड टाकलं तर दूध उतू जावं तसं वर आलं. त्याच्या खाली कुठल्या झाडाचं मूळ जाणार? म्हणजे माझी खोल माती गुडघ्याएवढी निघाली. म्हणजे अख्खा पट्टा पुन्हा खणायचा, नकाशा पुन्हा काढायचा, आणि चहाच्या टेबलावर — हो, हेच मोठं होतं — चहाच्या टेबलावर म्हणायचं की मी चुकलो. मग मी काय केलं? सांगतो. आधी सुजाताबद्दल सांगू द्या.

सुजाता मेश्राम. आमच्याकडे नंतर आलेली, माझ्या हाताखाली. वडील मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेत गार्ड, बदली होऊन जयपूरला आलेले. ती इथंच वाढली. मराठी बोलायची ती अडखळत. "मतलब सर, हा माती खूप वेगळा आहे." मी तिची नक्कल करायचो, तिच्यासमोरच. तीही हसायची. दुसरं काय करणार? तिच्या वडिलांनी मला एकदा घरी जेवायला बोलावलं. मराठी माणूस, साहेब, म्हणून. मी होकार दिला आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कारणही सांगितलं नाही. का गेलो नाही ते तुम्हाला आडनावावरूनच कळलंय. मला तेव्हाही कळत होतं.

नकाशा सुधारायचं काम निघालं आणि तो पट्टा तिच्या वाट्याला आला. पोरीनं काम केलं हो. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खड्डे खणले, आणि प्रत्येक ठिकाणी तोच कंकर, तेवढ्याच खोलीवर. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी काढल्या. जयपूर शहरापेक्षा तिथं पाऊस कमी. दोन्ही साक्षी तंतोतंत जुळत होत्या. नवी माती होती ती. गावाचं नाव मिळणार होतं, आणि शोधणारी म्हणून सुजाताचं.

बैठक झाली. बाहेरगावचे तज्ज्ञ, आमचे साहेब, सगळे. सुजातानं छान मांडलं, हिंदीतून, आणि हिंदीत ती अडखळत नव्हती. प्रामाणिक माणसाला एक खोड असते — विचारलं नाही तरी सगळं सांगतो. तिनं सांगितलं की एका जागी आधी कुणीतरी खड्डा खणून बुजवलेला दिसला, थर कालवलेले होते, म्हणून तिनं त्याच्या शेजारी नवा खणला.

आता येतो तिथं. तो बुजवलेला खड्डा माझा होता. मी तो त्याच दिवशी माती लोटून बुजवून घेतला होता, आणि अहवालात लिहिलं होतं — खोल माती, चुना नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, जागा मुळात खणलेली, उकरलेली. तिथं मागाहून कुणीतरी भट्टीचा नाहीतर रस्त्याचा चुनखडा पुरलेला असणार. अशा जागेवरचा खड्डा कोण धरतं? मी स्वतः तिथं आधी छातीइतकं खणलेलं आहे, तेव्हा खाली काहीच नव्हतं. माझाच खड्डा तिच्याविरुद्ध साक्षीला उभा केला — आहे की नाही हुशारी? मग पावसावर आलो. तालुक्याचं मापक भिंतीला चिकटून बसवलंय, त्याचे आकडे काय धरायचे? ते मापक मी आजतागायत पाहिलेलं नाही. जयपूर शहराचा पाऊस मी बसल्या जागी त्या गावावर पाडला आणि दाखवून दिलं की एवढ्या पावसात चुना इतका वर राहूच शकत नाही. बाकीचे खड्डे? एक खोटा तर सगळे संशयास्पद. तज्ज्ञांनी माना डोलावल्या. त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. कुणी म्हणालं नाही की चला, जाऊन बघू. जीप खाली उभी होती.

सुजाता माझ्याकडे बघत होती. तिला तेव्हा कळलं. खड्डा कुणी बुजवला आणि कशासाठी, ते कळलं. मी तिच्याकडे वळून मराठीत म्हणालो, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये — "आधी भाषा शीक, मग माती शिकशील." ती खाली बसली.

माझ्या जिंकण्याची गोष्ट एवढीच. तिची माती रद्द झाली. तिला फील्डवरून काढून प्रयोगशाळेत बसवलं, दुसऱ्यांनी आणलेली माती चाळायला. पुढे तिनं नोकरी सोडली. माझी बढती झाली, नकाशा छापला गेला, त्यावर माझं नाव आहे. निवृत्त झालो, जयपुरातच प्रताप नगरात फ्लॅट घेतला. बाल्कनीत कुंड्या आहेत. त्यांत मी अकोल्याहून पोत्यातून आणलेली काळी माती घातली आहे — बघा, माज अजून गेलेला नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात मालवीय नगरात ती भेटली. नातवाच्या क्लासची चौकशी करायला गेलो होतो, तर जिन्यात समोर सुजाता. केस पांढरे. कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवते. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिनं नमस्कार केला. मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, काय शिकवतेस?

"माती," ती म्हणाली. "जिल्ह्याची. तुमचा नकाशा." मराठी आता स्वच्छ होती, माझ्यापेक्षा स्वच्छ. "त्या पट्ट्यावर प्रश्न येतो, सर. उत्तर 'खोल माती' असंच लिहायचं, नाहीतर मार्क जातात. एखादा मुलगा तिकडचाच असतो. तो म्हणतो, मॅडम, आमच्याकडे तर गुडघ्याखाली कंकर लागतो, तुम्ही कधी बघितलंय का?"

जिन्यावरून पोरं वर-खाली करत होती.

"मी सांगते, नाही बघितलं."

तिच्या तासाची वेळ झाली होती. ती वर गेली, दार लोटलं गेलं, आणि आतून तिचा आवाज ऐकू यायला लागला — पट्ट्याचं नाव, मग मातीचा वर्ग, मी ठरवलेला. मुलं तो तिच्यामागून म्हणत होती.