दाराबाहेरच्या चपला

बुचाच्या फुलांचा वास आला की कर्जतचं ते बैठं, कौलारू चर्च आठवतं. नवऱ्याची रेल्वेत बदली होऊन आम्ही नुकतेच आलो होतो. पहिल्याच रविवारी, माहेरच्या चर्चमधल्या सवयीनं, मी चपला दाराबाहेर काढल्या. आत पाहते तर सगळ्यांच्या पायांत चपला. गीत संथ चाललं होतं, खिडकीतलं ऊन तरंगत होतं, आणि मी साडीत पाय लपवून बसले होते. उठून घरी जावंसं वाटत होतं. शेजारच्या म्हातारीनं माझे पाय पाहिले. ती बाहेर गेली, अनवाणी परतली आणि कुजबुजली, “सरक गं पोरी. तुझ्या चपला भायेर एकट्याच होत्या.” उपासना संपली तेव्हा दोन्ही जोडांवर दारातल्या बुचाची फुलं पडली होती. आजही चर्चच्या दारात एकटा जोड दिसला, की मी माझ्या चपला त्याच्याशेजारी काढते.