दोन पट्ट्या वर

आमच्या संगीत नाटकाच्या सगळ्या चाली मी बांधल्या. दूध उतू गेलं, पोळ्या करपल्या, पण सुचलेली ओळ आधी मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवली. गेल्या वर्षी औंढ्याला प्रयोग होता. चौकात फ्लेक्स लागला. दिग्दर्शकाच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत: लेखन, दिग्दर्शन, संगीत. माझं नाव तळाला, मंडपवाल्याच्या शेजारी, पेटीची साथ म्हणून.

नायकाचं कामही तोच करायचा. मी त्याला विचारलं, तर सगळ्यांदेखत हसला.

"बाई, काहून तोंड फुगवून राहिल्या? चाली मला सुचल्या, तुमी फक्त सूर धरले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडले नाही, आणि रडले तर मुळीच नाही. त्याचं दुखणं कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तालमीत त्याचा गळा मीच घासून घेतला होता. शेवटचं पद त्याला झेपेल त्याच पट्टीत बसवलं होतं, शिंप्यानं मापानं कापड बेतावं तसं.

प्रयोगात ते पद मी दोन पट्ट्या वर धरलं. मुखडा खालच्या सुरांतला, त्यामुळे त्याला पत्ताच लागला नाही. डोळे मिटून ऐटीत गात होता. अंतऱ्यात वरचा सा आला आणि आवाज चिरकला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. पहिल्या रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी रंगमंचाच्या कडेला बसून शांतपणे भाता हलवत राहिले. खरं सांगते, फार बरं वाटलं. त्याच्याबरोबर माझ्या पदाचीही लक्तरं निघत होती, तेही ऐकू येत होतं. तरी पट्टी उतरवली नाही.

पडदा पडताच तो माझ्यावर धावून आला. चिकटवलेली मिशी अर्धी सुटली होती.

"लाज न्हाई वाटत? सोताच्याच चालीचं वाटोळं केलं तुमी!"

विंगेत दिवेवाला शिडी उतरता उतरता थांबला.

"व्हय का सर? म्हंजे चाल बाईंची हाय?"

दिग्दर्शक सुटलेली मिशी दाबत राहिला. चाल गाजत होती तोवर त्याची होती; पडल्याबरोबर माझी झाली.

मी पेटीला कडी घातली. म्हणाले, "एवढंच ऐकायचं होतं मला."