डोंगरावर नेता येईल असा सेट

हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं बिनतारी सेटवरून दूरच्या लोकांशी बोलण्याचा परवाना मिळाल्यावर मला घरासाठी मोठा, दणकट सेट घ्यायचा होता. जुन्नरच्या आमच्या गच्चीवर अँटेना आणि खाली टेबलावर सेट, असं चित्र डोक्यात पक्कं होतं. मंचरचा माझा एक हॅम मित्र म्हणाला, "आधी माझा छोटा सेट नेऊन बघ. नाही पटला तर मोठा घे."

रविवारी बायकोला घेऊन लेण्याद्रीच्या पलीकडच्या टेकाडावर गेलो. सेट जेवणाच्या डब्याएवढा. तिनं बॅटरी उचलली, मी झाडावर अँटेनाची वायर टाकली. बराच वेळ हाका दिल्या, पण उत्तर आलं नाही. मी आवरायला लागलो, तशी ती म्हणाली, "अहो, अजून एकडाव बोला की."

बोललो. केरळमधल्या एका म्हाताऱ्या आवाजानं माझं कॉलसाइन, परवान्यावर मिळालेलं अक्षर-आकड्यांचं नाव, जसंच्या तसं परत म्हटलं. आम्ही दोघं हसतच सुटलो.

उतरताना ती म्हणाली, "मोठा घेतला तर तुमी घरातनं हलणार न्हाई. असलाच घ्या."

तसाच घेतला. घरी तो खिडकीत असतो, गच्चीवरच्या वायरला जोडलेला. लांबचे काही आवाज निसटतात खरे, पण ते रविवारी डोंगरावर भेटतात. आता परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास तीही करतेय.